‘इकडे सगळं ठीक आहे!’

व्हिसा आला, तिकीट झालं, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. आता घरात एकच काम चालू आहे : बॅग. तेवीस किलोंत काय काय कोंबायचं? कुकर तर हवाच. आईने भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचं तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलंय. बाबा दर तासाला वजनकाटा आणून बॅग उचलून बघतायत. मावशीने फोनवर यादी वाचून दाखवलीय. थर्मल घेतले का, अॅडॅप्टर घेतला का, पासपोर्टच्या झेरॉक्स किती काढल्या?

यादीत सगळं असतं, एक गोष्ट सोडून. तिकडे गेल्यावर घरी फोनवर खरं किती सांगायचं, हे कोणीच ठरवत नाही. आणि पुढची दोन-तीन वर्षं रोज उपयोगाला येणार असते ती नेमकी हीच गोष्ट.

तुम्ही मीरा रोडच्या शांती नगरात राहत असाल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सेक्टर, बिल्डिंगचा नंबर आणि तळमजल्यावरचं दुकान सांगितलं की पत्ता सापडतो, अशी ही वसाहत. इथल्या बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी मुलगा दुबईला असतो, कोणाची मुलगी कॅनडाला शिकत असते, कोणाचे बाबा सहा-सहा महिने बोटीवर असतात. टी-टूला सोडायला अर्धी बिल्डिंग निघते, दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये सगळे घड्याळाकडे बघत बसतात, आणि शेवटी काचेच्या पलीकडे हात हलतो. त्यानंतर जे सुरू होतं, ते फोनवर.

नऊ वाजता कोण जागं असतं?

फोनचं गणित साधं वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. दुबई आपल्या दीड तास मागे. तिथे रात्री नऊ वाजता फोन केला तर इकडे साडेदहा, आई-बाबा जागे असतात. लंडनमध्ये हिवाळ्यात नऊ वाजले की इकडे मध्यरात्रीचे अडीच. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात तुम्ही रात्री नऊला मोकळे होता, तेव्हा शांती नगरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे आई डब्याच्या गडबडीत आणि बाबा ७.४८ मिळेल की नाही या चिंतेत. त्यात अमेरिकेत आणि युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे होतं. घरच्यांना ते लक्षात राहत नाही आणि ‘आज फोन का नाही आला’ म्हणून एक तास जीव टांगणीला लागतो.

आखातात आणखी एक गंमत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, पण कॉल लागत नाही. तिथे परवानगी असलेली वेगळी अॅप वापरावी लागतात. म्हणून इकडच्या आज्यांच्याही फोनमध्ये ‘बोटिम’ सापडतं. नातवाशी बोलायचं तर ते शिकावंच लागलं ना! बोटीवर असलेल्या माणसाचं तर विचारूच नका. तिथे नेटवर्क मिळेल तेव्हा फोन.

तरीही हे दिवस सोपे म्हणायचे. तुमच्या आधीच्या पिढीत आखातात गेलेली माणसं पत्रं लिहायची, नाहीतर कॅसेटमध्ये आवाज भरून गावाला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवायची. पिवळ्या पाटीच्या आयएसडी बूथमध्ये मीटरवरचे आकडे पळताना बघत बोलावं लागायचं. त्या दोन मिनिटांत ‘कसा आहेस?’ ‘बरा आहे. तुम्ही?’ ‘आम्ही पण बरे’ एवढंच व्हायचं. जास्त काही बोलायला पैसे नव्हते.

आता बोलणं जवळपास फुकट झालंय. व्हिडिओवर तासभर बसता येतं. पण ऐका जरा नीट. आपण अजूनही तेच दोन मिनिटांचं वाक्य बोलतोय. ‘इकडे सगळं ठीक आहे.’

कॅमेऱ्याच्या बाहेर

तिकडचं रोजचं आयुष्य म्हणजे नक्की काय? इन्स्टावर बर्फ दिसतो, पूल दिसतो, कॉफीचा मग दिसतो. दिसत नाही ते असं. लंडनला डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, आणि तुम्ही लेक्चर संपवून बाहेर येता तेव्हा रात्र झालेली असते. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दूध-ब्रेड आणायला विसरलात तर सोमवारपर्यंत भात आणि मेतकूट. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी सप्टेंबर २०२४पासून वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात आधीच अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात. त्यात भाडं, विमा, जेवण, प्रवास सगळं. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. ते काम म्हणजे बहुतेकदा हॉटेलात भांडी, नाहीतर दुकानात रात्री माल लावणं. सुरुवातीचे काही महिने प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत मोजली जाते आणि ती वस्तू परत रॅकवर ठेवली जाते.

दुबईत नोकरीला गेलेल्याचं चित्र वेगळं. तिथे नव्याने गेलेले अनेक जण खोली घेत नाहीत, ‘बेडस्पेस’ घेतात. म्हणजे एका खोलीत चार-सहा खाटा, त्यातली एक आपली. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर गॅलरीत किंवा जिन्यात जावं लागतं. उन्हात काम करणाऱ्यांना तिथल्या नियमाने १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी द्यावी लागते, यावरून उन्हाची कल्पना करा.

पैसा मात्र मोजला जातो. वर्ल्ड बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले. जगात सर्वांत जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत अशा पैशात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, सुमारे वीस टक्के. हे पैसे पाठवणाऱ्याने त्या दिवशी काय खाल्लं, ते कुठल्याच पाहणीत येत नाही. आणि घरच्या फोनवरही येत नाही.

का? कारण सरळ आहे. आई रडेल. बाबांनी लोन काढलंय, त्यांना वाटेल पैसे वाया गेले. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालंय. म्हणून ताप असला तरी कॅमेरा बंद ठेवून ‘नेट स्लो आहे’ असं सांगितलं जातं.

इकडची बाजूही तशीच

पण खोटं फक्त तुम्हीच बोलता असं समजू नका. घरचेही बोलतात. आजी बाथरूममध्ये घसरली, तुम्हाला पंधरा दिवसांनी कळतं. बाबांची नोकरी गेली, ते तुम्हाला दुसरी लागल्यावर कळतं. ‘तुझी परीक्षा होती ना, म्हणून नाही सांगितलं.’ भावना अगदी चांगली. परिणाम मात्र वाईट होतो. एकदा असं झालं की पुढच्या प्रत्येक ‘ठीक आहे’वरचा विश्वास उडतो. आईचा आवाज जरा बसलेला वाटला तरी रात्रभर झोप नाही. सर्दी असेल, की काही लपवतायत?

अंतर कधी अंगावर येईल सांगता येत नाही. मार्च २०२०च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं सुरू झाली, पण मधल्या काळात आणि नंतरही कितीतरी जणांनी आपल्या माणसाला शेवटचं मोबाइलच्या स्क्रीनवरच बघितलं. विमानं रोज उडत असतानाही न्यूयॉर्कहून मुंबईला थेट यायला पंधरा-सोळा तास लागतात, आणि आपल्याकडे अंत्यसंस्कार तेवढा वेळ थांबतातच असं नाही. बातमी लपवली गेली तर हे थोडेसे तासही हातातून जातात. म्हणून हा विषय नुसता भावनेचा नाही, वेळेचा आहे.

आनंदीबाईंची पत्रं

मराठी घरातून शिकायला एकटं परदेशी जाण्याची गोष्ट जुनी आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. म्हणजे तुमच्या एफवायमधल्या मैत्रिणीएवढं. नवरा इकडे, घरचं कोणी सोबत नाही. तिथली थंडी, न मानवणारं जेवण, बिघडत गेलेली तब्येत, आणि घरचं पत्र यायला कित्येक आठवडे. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजातून त्या ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला क्षयाने गेल्या.

आपण त्यांची डिग्री लक्षात ठेवतो. त्यांची पत्रंही बघायला हवीत. गोपाळरावांची पत्रं अनेकदा टोचणारी, संशय घेणारी असत. आनंदीबाईंनी ‘सर्व कुशल’ लिहून विषय संपवला नाही. जे लागलं, जे पटलं नाही, ते त्यांनी नवऱ्याला लेखी कळवलं. १८८३ साली, अठराव्या वर्षी! त्यांना उत्तरासाठी महिनोन् महिने थांबावं लागे. आपल्याला दोन सेकंद लागतात आणि तरी आपण टाइप केलेलं डिलिट करतो.

निघण्याआधी ठरवा

मग करायचं काय? सगळी रडगाणी रोज घरी ऐकवायची का? नाही. भांडी घासून हात दुखले, हे रोज सांगितलं तर आई तिकडे जेवणार नाही. पण काही गोष्टी आधीच बसून ठरवता येतात. बॅग भरून झाली की त्याच बॅगेवर बसून ठरवा.

एक, लपवायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी. दोन्ही बाजूंनी. हॉस्पिटलमध्ये अॅडमिट होणं, नोकरी जाणं, पैसे संपणं, नापास होणं, घर सोडावं लागणं. एवढं २४ तासांच्या आत कळवायचं. बाकी सर्दी-खोकला ज्याचा त्याने बघावा.

दोन, फोनचा वार आणि वेळ. रोज पाच मिनिटं कर्तव्य म्हणून बोलण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा निवांत बोललेलं बरं. मधल्या दिवशी नुसता एक फोटो पुरतो. जेवणाच्या ताटाचा असेल तर आईचं अर्धं काम होतं.

तीन, आई-बाबांशिवाय एक माणूस. दादा, आत्या किंवा शेजारचे काका. ज्यांच्याकडे तुमच्या घराची चावी असते. जे आईला लगेच सांगता येत नाही, ते यांना सांगायचं. आणि घरची खरी खबर यांच्याकडून घ्यायची.

चार, अचानक यायची तयारी. एका तिकिटाचे पैसे बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. व्हिसावर परत आत येता येईल ना, हे आधी बघायचं. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी आय-ट्वेंटीवर कॉलेजची ट्रॅव्हल सही चालू आहे ना, ते तपासायचं. नाहीतर घाईत निघताना लक्षात राहत नाही आणि परतीचा प्रवास अडतो.

पाच, तिकडची माणसं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१पासून. गणपतीला आरती आणि मोदक तर मिळतीलच, पण पहिल्या आठवड्यात ‘डॉक्टर कुठला बरा?’ हे विचारायलाही कोणी भेटतं. फारच अडलं, एजंटने फसवलं, पगार अडकला, तर आपला दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे ऑनलाइन पोर्टल आहे. नंबर आधीच सेव्ह करा.

आणि तुम्ही जात नसाल तर?

हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना कुठेही जायचं नाहीये, हे माहीत आहे. पण तुमच्या कट्ट्यावरचा कोणीतरी जाणार आहे किंवा गेलाय. त्याचं घर दोन सेक्टर पलीकडे आहे. त्याच्या आई-बाबांना बँकेचा ओटीपी कुठे टाकायचा कळत नाही, लाइट बिलाचं अॅप अपडेट मागतंय, आणि मुलाला यासाठी रात्री दोन वाजता उठवायला त्यांना जिवावर येतंय.

येत्या रविवारी तिकडे एक चक्कर मारा. कामाचं काही विचारू नका, नुसते बसा. चहा येईल, पाठोपाठ मित्राचे बर्फातले फोटो येतील, आणि मग हळूच कळेल की काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय आणि ‘त्याला एवढ्यात सांगू नकोस हं’.

तेव्हा काकूंना समजवा, की हे त्याला त्यांनी स्वतःच सांगावं, आणि आजच सांगावं. फोन लावून द्या. रेंज नसेल तर गॅलरीत घेऊन जा.