होडीचे सुकाणू आणि तारेचा ताण

आमच्या सिहोरा परिसरापासून समुद्र फार दूर आहे. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात पाणी म्हणजे वैनगंगा, बावनथडी आणि चांदपूरचा जलाशय. इथे डोंगा हाकणारा माणूस वल्ह्यानेच डोंगा वळवतो. त्याचा हात आणि पाणी यांच्यामध्ये एका लाकडाखेरीज काहीही नसते. शिडाच्या मोठ्या नौकेत मात्र चालक चाक धरून उभा असतो आणि सुकाणू त्याच्यापासून दूर, नौकेच्या तळाशी पाण्यात असते. या दोहोंमधला निरोप अनेक नौकांमध्ये पोलादी तारांचा दोर पोहोचवतो. त्याची रचना समजून घेण्यासाठी सायकलच्या ब्रेकची तार आठवली तरी पुरे.

चाकाच्या आसावर एक दातेरी चकती असते. तिच्यावरून साखळीचा तुकडा जातो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना तारदोर जोडलेले असतात. हे दोर कप्प्यांवरून वळत सुकाणूच्या उभ्या दांड्यापर्यंत पोहोचतात. दांड्यावर वर्तुळाच्या तुकड्यासारखी खाच असलेली चकती बसवलेली असते. चाक फिरवले की एक दोर ओढला जातो, दुसरा तेवढाच सोडला जातो आणि सुकाणू वळते. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोर दोन लागतात.

आता थोडे गणित करू. समजा, चाकाची त्रिज्या 40 सेंमी, दातेरी चकतीची 3 सेंमी आणि सुकाणूवरील चकतीची 20 सेंमी आहे. चाकावर 50 न्यूटन, म्हणजे सुमारे 5 किलो वजनाइतके बल लावले, तर घर्षण सोडून दिल्यास तारेत 50 × 40 ÷ 3, म्हणजे सुमारे 667 न्यूटन ताण येतो. हाताच्या बलाच्या हा तेरा पटींहून अधिक आहे. शिवाय सुकाणूवरील पाण्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नौकेचा वेग दुप्पट झाला, की बल चौपट होते.

तार सैल असली तर काय होते? दोरात केवळ 5 मिमी ढिलाई असेल, तर वरील उदाहरणात चाकाची कड जवळजवळ 7 सेंमी फिरते आणि तोपर्यंत सुकाणू हलतच नाही. मोठी लाट मागून येते तेव्हा नेमका हा क्षण महागात पडतो. फार सैल दोर कप्पीच्या खाचेतून निसटूही शकतो. उलट दोर प्रमाणाबाहेर ताणला, तर कप्प्यांवरचा भार व घर्षण वाढते, झीज लवकर होते आणि पाण्याचा दाब चालकाच्या हाताला जाणवेनासा होतो.

म्हणून ताण असा जुळवतात : प्रथम सुकाणू सरळ ठेवून चाकही मध्यावर आणावे व बांधून टाकावे. मग सुकाणूच्या चकतीजवळचे ताण-बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, सारखेच आवळावेत. चाक बांधलेले असताना चकती हाताने हलवून पाहावी. ती हलली नाही, की आवळणे थांबवावे व नट पक्के करावेत. चाक सोडल्यावर ते सहज फिरले पाहिजे. शेवटी चाक उजवीकडे फिरवल्यावर नौका उजवीकडेच वळेल ना, हे अवश्य पाहावे. दुरुस्तीनंतर दोर उलटे जोडले जाणे अशक्य नसते. नवी तार सुरुवातीला थोडी लांबते, म्हणून काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा तपासावा.

तार तुटते कशी, हे वर्गात दाखवता येईल. एक बारीक लोखंडी तार खिळ्याभोवती आणि तशीच दुसरी जाड पेन्सिलीभोवती पुन्हा पुन्हा वाकवून सरळ करावी व किती वेळांनी ती तुटते हे मोजावे. खिळ्यावरची आधी तुटेल. वाकताना तारेच्या बाहेरच्या कडेला बसणारा ताण तारेची जाडी भागिले वळणाचा व्यास या प्रमाणात असतो. म्हणूनच या कामी 7 पदरांचा आणि प्रत्येक पदरात 19 तारा असलेला, म्हणजे 133 बारीक तारांचा दोर वापरतात आणि कप्प्या मोठ्या ठेवतात. झीजही आधी वळणावरच दिसते. तपासताना उघडी बोटे दोरावरून फिरवू नयेत. तुटलेले टोक सुईसारखे रुतते. तेलाचा हलका हात लावलेला कागद फिरवावा. कागद अडकला, तर दोर बदलावा. कप्पीखाली धातूची भुकटी दिसली, तर कप्पी दोराच्या रेषेत नाही असे समजावे.

सुकाणू-यंत्रणा कोणत्याही प्रकारची असो, तिच्यातील एक भाग निकामी झाला की सारी नौका अडते. गोव्यात दिवाडी येथे बांधलेल्या ‘तारिणी’ या सुमारे 17 मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 10 सप्टेंबर 2017 रोजी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. परतीच्या वाटेवर, एप्रिल 2018 मध्ये, सुकाणू-यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आयत्या वेळी थांबावे लागले. दुरुस्तीनंतर 21 मे 2018 रोजी त्या गोव्यास सुखरूप पोहोचल्या.

तारदोर तुटला तर चाकाचा उपयोग संपतो; पण सुकाणू शाबूत असते. अशा वेळी सुकाणूच्या दांड्याच्या वरच्या टोकावर थेट बसवायचा एक सुटा दांडा जवळ ठेवतात. तो कुठे ठेवला आहे आणि कसा बसवायचा, याचा सराव शांत पाण्यातच करून ठेवायचा असतो. असा दांडा हाती धरलेला चालक आणि वैनगंगेवरचा डोंगावाला यांच्यात मग फारसा फरक उरत नाही. दोघेही पाण्याचा जोर थेट हातावर घेतात. मात्र चाकाने पूर्वी वाढवून दिलेले बल आता मिळत नाही. दांडा जितका लांब, तितकीच सोय होते. वरील आकडे घेऊन, 50 न्यूटन बलात चाकाइतकाच परिणाम साधायला किती लांब दांडा लागेल, हे विद्यार्थ्यांना जरूर काढायला सांगावे.