नोकरी गेली, गोळी सोडू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. माझे एक जुने पेशंट आत आले. वय ५३. नाव सांगत नाही, कारण आपले गाव लहान आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात २४ वर्षे त्यांनी स्टोअर सांभाळले. हातात एक छापील फॉर्म होता.

"डॉक्टर, तेवढं फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे. उद्या सकाळी द्यायचंय."

मी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला. १८० बाय ११०. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला. फारसा फरक नव्हता.

"गोळी चालू आहे ना?"

"आठ दिवस बंद केलीय," ते खाली बघत म्हणाले. "मेडिकलला रक्त तपासतात म्हणे. त्यात गोळी सापडली तर घेणार नाहीत. त्याआधीही एक दिवसाआडच घेत होतो."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. कारखाना बंद होऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत ते माझ्याकडे तीन वेळा येऊन गेले होते. एकदा ॲसिडिटी, एकदा झोप येत नाही म्हणून आणि एकदा मानदुखीसाठी. तिन्ही वेळा मी औषध लिहून दिले. "काम कसं चाललंय?" एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. माझ्या डोक्यात ते अजून कारखान्यातले स्टोअरकीपरच होते. चूक माझी होती आणि ती इथे कबूल करतो.

त्यांनी विनवणी केली, "१३० बाय ८० लिहा. तुमच्या एका आकड्यावर माझं घर चालणार आहे." काम एका गोदामावर रात्री बारा तास पहाऱ्याचे होते. मी खोटा आकडा लिहू शकत नव्हतो. ते रागाने उठले आणि औषधाची चिठ्ठी टेबलावरच ठेवून निघून गेले. त्या रात्री मलाही नीट झोप लागली नाही.

आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या अनेकांसाठी आहे. पन्नाशीत नोकरी जाणे आणि पुन्हा पूर्ण वेळेचे काम शोधणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही

वयस्क वाचकांना आठवत असेल, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारो जणांना पुन्हा गिरणीचे काम मिळाले नाही. कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे माणसे गावी परतली. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर एकच यंत्र चालवले होते. गावी ते यंत्र नव्हते आणि शेताच्या कामाची सवय सुटली होती.

त्याच्याही आधी, १९३० च्या सुमारास, ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी बंद पडली. जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना काय दिसले? लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. मोकळ्या वेळात माणूस विश्रांती घेईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दिवसाचा आकारच मोडतो. उठण्याची, जेवणाची, चालण्याची आणि झोपण्याची वेळ बिघडते. रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णाला तर वेळ हेच अर्धे औषध असते.

पहिली काटछाट औषधावर

पगार थांबला की घरात काटकसर सुरू होते. मुलांची फी थांबवता येत नाही, घरभाडे थांबवता येत नाही. कर्ता माणूस मग गुपचूप आपली गोळी कमी करतो. ज्यांना कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातून औषध मिळत होते, त्यांचा तो हक्कही नोकरी गेल्यावर काही काळाने संपतो. गोळी सोडल्यावर लगेच काही दुखत नाही, त्यामुळे "चालतंय की" असे वाटते. रक्तदाब मुकाट्याने वाढत राहतो आणि एके दिवशी अर्धांगवायू किंवा हृदयविकार होऊन समोर येतो. नोकरी शोधणारा माणूस कायमचा घरी बसतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल, अचानक बंद केल्यास छातीत दुखू शकते, हृदयाला अपाय होऊ शकतो. तेव्हा कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. ब्रँडच्या गोळीऐवजी जनऔषधी केंद्रातली त्याच घटकाची गोळी बरीच स्वस्त पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब व साखरेची तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही.

'मेडिकल'ची भीती

नोकरीपूर्वीच्या तपासणीत साधारणपणे काय पाहतात? उंची, वजन, नजर, कान, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, छातीचा एक्स-रे आणि बहुधा ईसीजी. या नेहमीच्या तपासण्यांत रक्तदाबाची गोळी "सापडत" नाही. सापडतो तो गोळी सोडल्यामुळे वाढलेला रक्तदाब!

मधुमेहींमध्ये दुसरी युक्ती चालते. आदल्या दिवशी उपास करायचा, भात सोडायचा, कारल्याचा रस प्यायचा. त्याने त्या सकाळची साखर थोडी उतरेलही. परंतु ज्या तपासणीला आपण "तीन महिन्यांची शुगर" म्हणतो ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका दिवसाच्या उपासाने ती फसत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असेल तर हृदयाचा स्नायू जाड झाल्याच्या खुणा ईसीजीत दिसू शकतात.

उलट, आजार आटोक्यात असेल तर तो बहुतेक कामांच्या आड येत नाही. "रक्तदाबाचा त्रास आहे, औषधाने नियंत्रणात आहे, अमुक कामास योग्य" असे प्रमाणपत्र मी अनेकांना दिले आहे आणि त्यावर त्यांना काम मिळाले आहे. त्यासाठी सवड हवी. मुलाखतीच्या आदल्या रात्री येऊ नका. कामाच्या शोधाला लागाल त्याच आठवड्यात या. एक-दीड महिना मिळाला तर रक्तदाब बहुधा ताळ्यावर आणता येतो.

चष्मा, दात आणि कलप

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे सर्वांना ठाऊक. तरीही कित्येक जण मुलाखतीला चष्मा न लावता जातात. म्हातारे दिसू नये म्हणून. मग अर्जाचा कागद हातभर लांब धरून वाचावा लागतो आणि वय अधिकच उठून दिसते. चष्मा लावा. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात त्याचे ऑपरेशन मोफत होते, ते आधी उरकून घ्या. पुढचे दात पडले असतील तर माणूस तोंड मिटून, तुटक बोलतो आणि समोरच्याला तो नाराज वाटतो. दातांकडेही लक्ष द्या.

आता कलपाविषयी. केस काळे करून मुलाखतीला जाणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र काळ्या कलपात पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. मुलाखतीच्या सकाळी डोळे सुजून बंद झालेला माणूस मी पाहिला आहे. पूर्वी कितीही वेळा लावला असला तरी ॲलर्जी पुढे केव्हाही येऊ शकते. कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर तो नाद सोडा.

कोणते काम झेपेल?

मिळेल ते काम धरावे, अशी वेळ येते हे मला कळते. तरी हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती तास, दिवसपाळी की रातपाळी, आणि जेवणाची सुट्टी किती वाजता.

मधुमेहाच्या रुग्णाला रातपाळी करताच येत नाही असे नाही. परंतु इन्सुलिनच्या आणि काही गोळ्यांच्या वेळा जेवणाशी बांधलेल्या असतात. औषध घेतले आणि जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. पहाऱ्यावर एकटा असेल तर पाहणार कोण? म्हणून रातपाळी धरण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि सोबतच्या एकाला तरी आजार सांगून ठेवा. जाग यावी म्हणून रात्रभर गोड चहा आणि तंबाखू, हा पहारेकऱ्यांचा ठरलेला रतीब. त्याने साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

तासन् तास उभे राहण्याचे काम असेल तर बूट नीट मापाचे घ्या. मधुमेहींनी रोज घरी आल्यावर पायाचे तळवे पाहावेत. पाय बधिर असेल तर बूट चावलेला कळत नाही, आणि साध्या फोडाचे पुढे काय होते हे आम्ही डॉक्टर जाणतो.

घरच्यांनी काय पाहावे

वहिनींनो, मुलांनो, कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, लग्नकार्य टाळू लागला, पहाटे तीनला उठून बसू लागला, दारू वाढली, "मी नसलो तर बरं" असे बोलू लागला, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन या. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येते. आणि एक विनंती. "शेजारच्यांना बघा कसं लगेच मिळालं" हे वाक्य घरात उच्चारू नका.

पुढे काय झाले

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ परत आले. या वेळी बरोबर वहिनी होत्या. पहाऱ्याचे काम दुसऱ्याला मिळाले होते. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, हे गोळ्या घेत नव्हते ते मला तुमच्या चिठ्ठीवरून कळलं. कंपाउंडरनं घरी आणून दिली होती." मी नवी, स्वस्त पडणारी औषधे लिहून दिली.

खरी गंमत पुढे आहे. औषधाच्या दुकानात त्यांनी मनाचा हिय्या करून विचारले, "यापेक्षा स्वस्त काही आहे का? सध्या नोकरी नाही." पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हे चारचौघांत मोठ्याने सांगितले होते. दुकानदाराने विचारले, "पूर्वी काय करत होता?" त्याच्या मेहुण्याचे बियाणे-खतांचे गोदाम आहे. तिथे मालाचा हिशेब जुळत नव्हता. २४ वर्षे स्टॉक रजिस्टर लिहिलेला माणूस त्यांना हवाच होता. दीड महिन्याने रक्तदाब १३६ बाय ८४ आला, तो आकडा मी फॉर्मवर समाधानाने लिहिला. काम दिवसाचे, पूर्ण वेळेचे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, जवळपास दोन तृतीयांश. ओढाताण आहेच. पण माणूस सकाळी नऊला घराबाहेर पडतो आणि रात्री झोपतो.

प्रत्येकालाच असे काम मिळेल, असा शब्द मी देऊ शकत नाही. पण आपल्यासारख्या गावात नोकरी बरीचशी तोंडोतोंडी मिळते. जो सांगतच नाही, त्याला कोण बोलावणार? नोकरी गेल्याचे लपवायचे आणि आजारही लपवायचा, या दुहेरी ओझ्याने माणूस बेकारीपेक्षा लवकर खचतो.

मी मात्र एक धडा घेतला आहे. आता पंचेचाळिशीपुढचा कोणीही झोपेची किंवा ॲसिडिटीची तक्रार घेऊन आला, की पोट तपासण्याआधी विचारतो, "काम कसं चाललंय?" तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.