साथकाळातील प्रवासनिर्बंध आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या : अनारक्षित प्रवाशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
साथीचा रोग आणि रेल्वे यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या कायद्याचा रोख प्रवाशाच्या तपासणीवर होता. २०२० मध्ये मात्र गाड्याच थांबल्या. २२ मार्च रोजी प्रवासी वाहतूक बंद करण्यात आली. त्या किती काळ थांबल्या यापेक्षा कोणत्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

श्रमिक विशेष गाड्या :
पहिली श्रमिक विशेष गाडी १ मे २०२० रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे निघाली. या गाड्यांचे तिकीट खिडकीवर मिळत नसे. प्रवाशांची यादी राज्य शासनाने करावयाची, गंतव्य राज्याची संमती मिळवावयाची, त्यानंतर रेल्वेने गाडी द्यावयाची, अशी पद्धत होती. संमतीची अट १९ मे रोजी शिथिल झाली. तत्पूर्वी, ८ मे रोजी, भुसावळला गाडी मिळेल या आशेने जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. गाड्या सुरू असणे आणि आपल्याला गाडी मिळणे यांतील अंतर एवढे होते.

३१ ऑगस्टपर्यंत अशा ४,६२१ गाड्यांतून सुमारे ६३ लाख लोक गेले. त्यांतील बहुतेक गाड्या उत्तर प्रदेश व बिहारकडे जाणाऱ्या असल्याने नेहमीच्या मार्गांवर दाटी झाली व काही गाड्या अन्य मार्गांनी वळवाव्या लागल्या. वसईहून गोरखपूरला निघालेली एक गाडी ओडिशातील राउरकेला येथे पोहोचली, हे वाचकांस आठवत असेल.

'विशेष' या शब्दाचा अर्थ :
१२ मे रोजी १५ व १ जूनपासून आणखी १०० गाड्यांच्या जोड्या सुरू झाल्या. डबे, मार्ग व वेळ बहुतांशी जुनीच. परंतु क्रमांकाच्या आरंभी शून्य आले. हा बदल दिसतो तितका किरकोळ नव्हता. नियमित गाडी स्थगित आणि तिच्या जागी धावणारी 'विशेष' गाडी वेगळी, असे मानल्यामुळे जुने थांबे, जुने भाडे व जुन्या सवलती तिला आपोआप लागू होत नव्हत्या. सर्वसाधारण डबाही आरक्षित झाला. बाधित प्रवाशाच्या संपर्कातील व्यक्ती शोधता याव्यात आणि गर्दी टळावी, हे त्यामागील कारण योग्यच होते. पण ज्याचा प्रवास आदल्या रात्री ठरतो, ज्याच्याकडे ऑनलाइन आरक्षणाचे साधन नाही, असा मनुष्य त्यामुळे गाडीबाहेर राहिला.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत २० मार्च २०२० पासून स्थगित झाली, ती त्यांनी अनावश्यक प्रवास टाळावा म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियमित क्रमांक परतले. ही सवलत मात्र परतली नाही. आरोग्याचे कारण मागे पडल्यावर आर्थिक कारण पुढे आले.

उत्पन्न आणि मालवाहतूक :
२०१९-२० मध्ये उपनगरी वाहतुकीसह सुमारे ८०९ कोटी असलेली प्रवासीसंख्या २०२०-२१ मध्ये सुमारे १२५ कोटींवर आली. मालवाहतूक मात्र १२० कोटी टनांच्या वर राहून किंचित वाढलीच. प्रवासी गाड्या नसल्याने मार्ग मोकळे होते व मालगाड्यांचा वेगही वाढला. त्यामुळे रेल्वेच्या हिशेबात प्रवासी गाडी, विशेषतः स्वस्त भाड्याची, अधिकच तोट्याची दिसू लागली असावी.

अटींची माघार :
सर्वसाधारण डबे पुन्हा अनारक्षित करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला. पॅसेंजर गाड्या 'एक्स्प्रेस विशेष' म्हणून धावू लागल्याने १० रुपयांचे किमान भाडे ३० रुपये झाले होते. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. थांब्यांची कथा निराळी. रत्नागिरी–दादर पॅसेंजर टाळेबंदीनंतर सुरू झाली तेव्हा तिचा शेवट दादरऐवजी दिवा येथे करण्यात आला, आणि कोकणातून सामानासह येणाऱ्या प्रवाशाला पुढील प्रवासासाठी तेथे लोकल धरावी लागली.