दक्षिणेच्या पैशातून घडलेले इंग्रजीचे मास्तर

श्रावणात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो. इंग्रजांनी दक्षिणेला कात्री लावली आणि त्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पुणे कॉलेज झाले. पुढे याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. वैदिकांसाठी ठेवलेला पैसा शेक्सपिअर शिकवणाऱ्यांच्या पदरात पडला!

फेलो म्हणजे शिष्यवृत्तीवर शिकून वर आलेला हुशार तरुण. स्वतःचा अभ्यास चालू ठेवायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचे, ही त्याची बोली. अध्यापनशास्त्राचे वेगळे पाठ त्याला कुणी देत नसे. पण कालच आपण जिथे अडखळलो होतो, तिथेच आज समोरचा मुलगा अडखळतो आहे, हे त्याला दिसे. माझ्या मते परभाषा शिकवणाऱ्याची खरी तालीम हीच. शिवाय पोटाची चिंता नसल्याने तो घाईने कारकुनीत शिरत नसे. आज शिष्यवृत्ती निकालाच्या दिवशी संपते आणि मधली ही दोन-तीन वर्षे कुणाच्याच हिशेबात नसतात.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ मध्ये फेलो झाले. पुढे ज्या रत्नागिरीत ते शिकले, तिथल्याच हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. महादेव गोविंद रानडे १८६२ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत भांडारकरांबरोबर बी.ए. झाले, तेही फेलो होते. १८६८ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे हंगामी प्राध्यापक झाले. त्याच कॉलेजात विद्यार्थी असताना त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली होती. देणाऱ्याचा हात असा वरच राहिला.

या वाटेने आलेले बहुतेक तरुण ब्राह्मण होते, हेही नोंदवायला हवे. दक्षिणेचा पैसा कॉलेजपर्यंत आला, गावच्या शाळेपर्यंत उतरला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सरकार वरच्या शिक्षणावर खर्च करते व बहुजनांच्या प्राथमिक शाळा उपेक्षित राहतात, हे स्पष्ट मांडले. प्राथमिक शाळांचे शिक्षक शिकवण्याची तालीम घेतलेले आणि शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, ही त्यांची मागणी होती.