आकार आणि अर्थ : लॅपटॉपच्या पोर्टांविषयी

लॅपटॉपच्या कडेस असलेल्या दोन खाचा दिसावयास एकसारख्या असल्या, तरी त्यांचे कार्य एकच असेल असे नाही. मराठीत ‘कर’ या एकाच रूपाने हात, सारा आणि ‘करणे’ या धातूची आज्ञा असे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइप-सी’ पोर्टाची स्थिती अशीच आहे.

‘टाइप-सी’ हे केवळ आकाराचे नाव होय. त्याच आकारातून ‘यूएसबी २.०’ पद्धतीने सेकंदास ४८० मेगाबिट, तर ‘थंडरबोल्ट ३’ पद्धतीने ४० गिगाबिटपर्यंत माहिती वाहते. पडद्यास चित्र पुरविण्याची किंवा लॅपटॉप चार्ज करण्याची सोय प्रत्येक टाइप-सी पोर्टात असतेच असेही नाही. याउलट लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जवळजवळ एकार्थी आहे : चित्र व ध्वनी बाहेर पाठविणे हेच त्याचे कार्य.

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो. येथे लॅपटॉप, केबल आणि जोडलेले उपकरण हा संदर्भ होय. या तिहींपैकी जे सर्वांत मंद, त्याचाच वेग पदरी पडतो. क्षेत्राभ्यासातील ६० गिगाबाइट ध्वनिमुद्रणे ‘यूएसबी २.०’च्या केबलने उतरवून घ्यावयाची, तर पूर्ण वेग मिळूनही सोळा मिनिटांहून अधिक काळ लागेल. आणि चार्जरसोबत येणाऱ्या अनेक केबली याच प्रतीच्या असतात.

निबंधवाचनाच्या वेळी पडदा कोरा राहिला, तर दोष यंत्राचाच असतो असे नाही. म्हणून पोर्टाजवळील चिन्ह आणि यंत्राचे माहितीपत्रक आधीच वाचावे. आकारावरून अर्थ गृहीत धरू नये.