टोकियो शहराचे दोन विमानतळ

टोकियोला विमानाने जाणे म्हणजे नेमके कोठे उतरणे, हा प्रश्न तिकीट काढताना फारच थोडे लोक विचारतात. एका तिकिटावर ‘टोकियो’ असे नाव छापलेले असते, पुढच्या विमानाच्या तिकिटावरही ‘टोकियो’ हेच नाव असते. तेवढ्यावर आपले समाधान होते. वस्तुतः ह्या शहराला दोन मोठे विमानतळ आहेत. हानेडा हा उपसागराच्या काठी, शहराच्या मध्यभागापासून पंधरा-सोळा किलोमीटरांवर. आणि नारिता हा शेजारच्या चिबा प्रांतात, पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरांवर. नारितास उतरून हानेडाहून साप्पोरोचे अगर फुकुओकाचे विमान गाठावयाचे, तर मध्ये सबंध महानगर आडवे पडलेले असते. हा टप्पा प्रवाशाने स्वतःच पार करावयाचा असतो. दोन तिकिटे निरनिराळी काढलेली असली आणि पुढचे विमान चुकले, तर ती नुकसानी बहुधा त्याच्याच माथी येते. तेव्हा हे साठ-सत्तर किलोमीटर कसे तोडावे, हे घरूनच समजून घेतलेले बरे.

प्रथम दोन विमानतळ झालेच का, ते पाहू. हानेडा १९३१ साली सुरू झाला. १९६० नंतरच्या जेट विमानांच्या गर्दीला तो अपुरा पडू लागला, आणि १९६६ साली जपान सरकारने नारिताजवळच्या सान्रिझुका येथील शेतजमीन नव्या विमानतळासाठी मुक्रर केली. शेतकऱ्यांना विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्यांनी जमीन सोडण्याचे नाकारले, विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले, आणि ज्या गावांत भाजीपाला पिकत होता तेथे वर्षानुवर्षे चकमकी झडत राहिल्या; १९७१ च्या सप्टेंबरात त्यांत तीन पोलीस मारले गेले. १९७८ च्या मार्चमध्ये, उद्घाटनाला अवघे चार दिवस उरले असता, विरोधकांनी नियंत्रण-मनोऱ्यात शिरून तेथील यंत्रसामग्री फोडून टाकली. अखेर २० मे १९७८ रोजी विमानतळ उघडला. त्या दिवसापासून परदेशांची विमाने नारितास आणि देशांतर्गत विमाने मुख्यतः हानेडास अशी वाटणी झाली. (तैवानची विमान कंपनी मात्र बरीच वर्षे हानेडातच राहिली; चीनच्या विमानांशेजारी तिची विमाने उभी राहू नयेत, ही त्यामागची राजनीती.) २०१० साली हानेडास नवी आंतरराष्ट्रीय इमारत झाली आणि ही वाटणी सैल पडली, परंतु दोन्ही ठिकाणी दोन्ही प्रकारची विमाने येत असल्यामुळे आता घोटाळा होण्याचा संभव उलट वाढलाच आहे.

नारिताकरिता सरकारने शिन्कान्सेन, म्हणजे अतिवेगवान आगगाडी, योजिली होती. तिचे स्थानक विमानतळाच्या इमारतीखाली बांधूनही ठेवले होते; पण मार्गावरील लोकांच्या विरोधामुळे ती योजना बारगळली आणि ते भुयारी स्थानक रिकामेच राहिले. केईसेई ह्या खासगी रेल्वे कंपनीची गाडी विमानतळाच्या आवारापर्यंत येई खरी, परंतु इमारतीपासून दूर थांबे, आणि उतारूंना तेथून बस घ्यावी लागे. १९९१ साली त्या रिकाम्या स्थानकात एकदाचे रूळ गेले.

मग नारिता ते हानेडा अशी थेट आगगाडी धावू लागली ती कोणाच्या दूरदृष्टीने? खरे सांगावयाचे तर तिचे श्रेय विमानतळ उभारणाऱ्यांकडे फारसे जात नाही. ते रुळांच्या मापाकडे जाते. मिरजेच्या स्थानकावर एकेकाळी मीटरमापी आणि अरुंदमापी असे दोन्ही लोहमार्ग येत असत. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्य नसल्यामुळे माणसांना गाडी बदलावी लागे आणि मालाचे ओझे हमालांच्या पाठीवर पडे. टोकियोतही अशीच स्थिती होती. सरकारी रेल्वेचे माप १०६७ मिलिमीटर. दक्षिणेकडील केईक्यू कंपनीचे १४३५. आणि ईशान्येकडील केईसेई कंपनीचे १३७२, जे टोकियोच्या जुन्या ट्रामचे माप होय. १९५० नंतर नगरपालिकेने शहराच्या पोटातून भुयारी रेल्वे काढावयाचे ठरविले, तेव्हा उपनगरी गाड्या भुयाराच्या तोंडाशी न थांबता तशाच आत शिराव्यात आणि पलीकडे निघाव्यात, असा विचार पुढे आला. त्यासाठी माप एकच हवे. केईसेईने १९५९ साली आपला सबंध लोहमार्ग टप्प्याटप्प्याने उखडून १४३५ मिलिमीटरांचा केला, आणि तोही रोजची वाहतूक चालू ठेवून! १९६० च्या डिसेंबरात तिच्या गाड्या असाकुसा भुयारी मार्गावर धावू लागल्या. १९६८ साली दक्षिणेकडून केईक्यूच्या गाड्याही त्याच भुयारात आल्या.

ह्यातील वर्षे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावीत. रुळांचे माप बदलले १९५९ साली. नारिताची जागा ठरली १९६६ साली. ज्यांनी तो खर्च केला त्यांच्या डोळ्यांपुढे कचेरीला जाणारा कारकून होता, विमानाचा प्रवासी नव्हे. पुढे १९९८ च्या नोव्हेंबरात केईक्यूचा मार्ग हानेडाच्या इमारतीखाली पोहोचला आणि दोन विमानतळांमध्ये अखंड रूळ तयार झाला. २०१० साली जवळचा नवा मार्ग नारितापर्यंत खुला झाला, तोही काही ठिकाणी त्या बारगळलेल्या शिन्कान्सेनच्या जागेवरूनच.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. परदेशातून नारितास उतरल्यावर विमानतळाबाहेर पडणे म्हणजे जपान देशात प्रवेश करणे होय. म्हणून भारतीय पारपत्र असणाऱ्याने जपानचा व्हिसा आधीच घेतलेला असावा. दुसऱ्या विमानतळावर केवळ गाडी बदलण्यापुरते जात आहोत, ही सबब तेथे चालत नाही. सामान ताब्यात घ्यावे, जकात तपासणी आटोपावी आणि तळघरातील स्थानकाकडे जावे. इमारत क्रमांक १ चे स्थानक वेगळे आणि क्रमांक २ चे वेगळे. क्रमांक ३ मधून उतरणाऱ्याने चालत क्रमांक २ गाठावे. तिकिटाऐवजी सुइका अगर पास्मो हे कार्ड वापरल्यास तिन्ही संस्थांचे भाडे आपोआप वळते होते.

घ्यावयाची गाडी ‘ॲक्सेस एक्सप्रेस’. तिच्या पाटीवर ‘हानेडा एअरपोर्ट’ हे शब्द आहेत की नाहीत, एवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘स्कायलायनर’ ही झोकदार गाडी त्याच स्थानकातून सुटते, अधिक भाडे घेते आणि उएनोला जाऊन थांबते. हानेडाला ती जात नाही. ॲक्सेस एक्सप्रेसपैकीही प्रत्येक गाडी हानेडापर्यंत जातेच असे नाही. एखादी निशी-मागोमेची निघाली तर सेंगाकुजी येथे उतरून गाडी बदलावी. थेट गाडी मिळाल्यास दीड तास ते पावणेदोन तास लागतात. दिवसा ह्या गाड्या साधारण चाळीस मिनिटांच्या अंतराने सुटतात. तेव्हा एक नुकतीच गेली असेल तर तो वेळही हिशेबात धरावा.

ही गाडी उपनगरी धाटणीची आहे. लांब बाके, उभ्या उतारूंसाठी कड्या, आणि मोठ्या पेट्यांसाठी वेगळी जागा नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान असाकुसा भुयारात कचेरीकरांची अशी दाटी होते की दोन पेट्या घेऊन आत शिरणे म्हणजे दुसऱ्यांच्या पायांवर अत्याचारच. लहान मुले अगर वृद्ध बरोबर असल्यास मी तरी बसच घेण्याचा सल्ला देईन. विमानतळांमधील ‘लिमुझिन’ बस इमारतीच्या दारातून निघते, पेट्या पोटात घेते, आणि रस्ता मोकळा असल्यास तास-सव्वा तासात पोहोचविते. भाडे मात्र आगगाडीहून बरेच अधिक, आणि रस्ता मोकळा असेलच असे कोणी सांगू शकत नाही. जपानमध्ये पेट्या घरोघर पोहोचविण्याची उत्तम व्यवस्था आहे. परंतु सामान सामान्यतः दुसऱ्या दिवशी मिळत असल्यामुळे त्याच दिवशी विमान धरणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

उलट बाजूने, हानेडाहून नारितास जाताना, एक वेगळा सापळा आहे. हानेडाच्या फलाटावरून शहराकडे जाणाऱ्या आणि योकोहामाकडे जाणाऱ्या अशा दोन्ही गाड्या सुटतात. शहराकडची पकडावी. नारिताची थेट नसेल तर तीच गाडी आओतोपर्यंत घेऊन तेथे बदलता येते.

वेळ किती राखावा? उतरल्यापासून स्थानकापर्यंत दीड तास, गाडीची वाट आणि प्रवास मिळून अडीच तास, आणि पुढील देशांतर्गत विमानाच्या नोंदणीसाठी एक तास, असे धरले तर पाच तास होतात. पुढचे विमान परदेशी असल्यास आणखी दीड-दोन तास ठेवावेत. आणि नारितास रात्री उशिरा उतरणाऱ्याने त्याच रात्री हानेडा गाठण्याच्या भरीस पडू नये. मध्यरात्रीच्या सुमारास आगगाड्या बंद होतात व पहाटेपर्यंत सुटत नाहीत. तेवढ्या अंतराला टॅक्सीचे भाडे विमानाच्या तिकिटालाही लाजवील. नारितातच खोली घ्यावी आणि सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादीने, गर्दी सुरू होण्यापूर्वी, निघावे.