मिसफायर: आधी शोधा, मग बदला

पावसात सायन-पनवेल रस्त्यावर गाडी झटके द्यायला लागली, की आपण गॅरेजमध्ये म्हणतो, "प्लग, कॉइल, सगळं बदलून टाका." पैसे इथेच वाया जातात. स्कॅनरवर पी०३०२ कोड आला, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढंच कळतं. कारण कळत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर दुसऱ्याची आणि तिसऱ्याची अदलाबदल करून बघायची. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलचा. नाहीतर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, एकेक तपासायचं. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्यायचीच. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि कॉइलपेक्षा कितीतरी महागाचा तो भाग निकामी होतो.